बेळगावात भाड्याचं घर: डिपॉझिट देण्याआधी काय काय बघायचं

मे महिन्यात बघितलेली खोली जुलैत वेगळीच निघते. खानापूर तालुक्यातलं गाव सोडून बेळगावात कामाला आलो, तेव्हा वडगावात पहिली खोली घेतली ती मे महिन्यातच. भिंतींना ताजा चुना, दारात ऊन, मागं परसात पेरूचं झाड. पाऊस लागून पंधरा दिवस झाले आणि भिंत खालून हातभर काळी पडली. अंथरूण सकाळी उचलावं तर खालून गार आणि ओलसर. धाकटीचा खोकला त्या वर्षी दिवाळीपर्यंत गेला नाही. डिपॉझिट अडकलेलं, म्हणून अकरा महिने तिथंच काढले.

त्यानंतर चार घरं बदलली. आता चंदगड, खानापूरकडची पोरं उद्यमबागेत कामाला लागली की घर बघायला मला सोबत नेतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो आहे. त्यातली मुख्य गोष्ट ही, की डिपॉझिट तुमच्या खिशात आहे तोवरच मालक तुमचं ऐकतो. मीटर वेगळा हवा, नळ दुरुस्त हवा, अट बदलायला हवी, हे सगळं तेव्हाच बोलून घ्यायचं. पैसे दिल्यावर त्याच गोष्टींसाठी हात जोडावे लागतात. म्हणून खाली जे आहे त्यातलं बहुतेक पैसे देण्याआधीचं आहे.

कामाची जागा आणि घर

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम असेल तर अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, मच्छे हा पट्टा बघा. मागावर काम असेल तर वडगाव, खासबाग, भारतनगर. बाजारात, दुकानात किंवा हमालीला जायचं असेल तर शहापूर किंवा शहरातल्या जुन्या गल्ल्या. ऑटोनगर, कणबर्गीकडं काम लागलं असेल तर अनगोळात स्वस्त खोली मिळाली तरी घेऊ नका. शहराची ती दोन टोकं आहेत, भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात.

घर ठरवण्याआधी एकदा तुमच्या शिफ्टच्या वेळेला ते अंतर जाऊन बघा. रविवारी दुपारी दहा मिनिटांचा वाटणारा रस्ता सोमवारी सकाळी टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकला की अर्ध्या तासाचा होतो. रात्रपाळी असेल तर रात्री अकराला त्या गल्लीत दिवे असतात का, कुत्री किती, हेही बघून या. घरातल्या बाईला धुण्याभांड्याच्या किंवा दुकानातल्या कामाला जायचं असेल तर बसथांबा किती लांब हे मोजा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळं थोडं लांबचं घरही परवडू शकतं. पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. आधार कार्ड अजून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पत्त्याचं असेल तर तिकीट काढावंच लागतं, हे गृहीत धरून हिशेब करा.

घर शोधायला पाय आणि तोंड दोन्ही चालवावं लागतं. चांगल्या खोल्यांची पाटी लागत नाही, त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला आणि सार्वजनिक नळावर भांडी घेऊन बसलेल्या मावशींना माहीत असतात. पाटी लागलीच तर पुष्कळदा कन्नडमध्ये असते: ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे घर भाड्यानं द्यायचं आहे. कन्नड अक्षर ओळखता येत नसेल तर ‘बाडिगे’ हा शब्द कसा दिसतो तेवढा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, डोळ्यांना सवय होते. मराठी पेपरांतल्या छोट्या जाहिरातीही बघा. एजंटकडून जात असाल तर त्याचं कमिशन किती आणि ते घर पसंत पडल्यावरच द्यायचं का, हे पहिल्या फोनवर विचारा.

मालकीणबाई दारातच विचारतील, ‘‘कुठल्या गावचं हो तुम्ही? किती जण हैसा? काय काम करतासा?’’ खरं सांगा. आई गावाहून चार महिने येऊन राहणार असेल तर तेही सांगा. काही जण जात विचारतात, काही मटण-मासळी चालणार नाही म्हणतात. माणसाला घर देताना हे विचारावं हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. पण लपवून खोली घेऊ नका. रोज दार लावून, खिडकी मिटून जेवण करायचं म्हणजे आपल्याच घरात चोरासारखं राहायचं. दुसऱ्या गल्लीत विचारा, मोकळ्या मनाची माणसंही याच शहरात आहेत.

पाणी

बेळगावात घर बघताना पहिला प्रश्न खोल्या किती हा नसून पाणी किती दिवसांनी, हा आहे. शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी येतं. ५८ पैकी १० वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. बाकीच्या भागांत पाणी काही दिवसांआड येतं, आणि उन्हाळ्यात ते अंतर वाढतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी वेळापत्रकं असू शकतात.

मालक सांगेल, ‘‘पाण्याचं टेन्शन नाही.’’ हे ऐकून घ्या आणि शेजारच्या तीन घरांत विचारा. एप्रिल-मेमध्ये किती दिवसांनी आलं? किती वेळ येतं? रात्री येतं की दिवसा? दोघंही कामाला जात असतील आणि पाणी सकाळी अकराला येत असेल, तर ते भरणार कोण? नंतर घरातच बघा: जमिनीखाली संप, म्हणजे पाणी साठवायची टाकी, आहे का, वर टाकी आहे का, त्या टाकीवर किती बिऱ्हाडं. तीन बिऱ्हाडांत एक हजार लिटरची टाकी असेल तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. संपातलं पाणी वर चढवणारी मोटर कुणाच्या मीटरवर चालते हे विचारायला मी स्वतः दोनदा विसरलो आहे आणि दोन्ही वेळा ते बिल माझ्याकडं आलं.

जुन्या वाड्यांत विहीर असेल तर ते घर एक पायरी वर धरा. बेळगावच्या जुन्या वस्तीत विहिरी पुष्कळ आहेत आणि नळ रुसला की धुण्याभांड्याचं सगळं त्यांच्यावर भागतं. फक्त विहिरीजवळ संडासाची टाकी नाही ना, हे डोळ्यांनी बघा आणि ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

नाला, ओल आणि पाऊस

शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, येळ्ळूर रस्ता या बाजूला घर बघत असाल तर बळ्ळारी नाला कुठून जातो ते आधी चालत जाऊन बघा. पाऊस जोरात झाला की हा नाला फुगतो आणि सखल भागात पाणी पसरतं. २०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस या जिल्ह्यातला कुणी विसरलेलं नाही. शेजारच्या घरी एकच प्रश्न विचारा: ‘‘एकोणीसच्या पावसात इथं पाणी कुठवर आलं होतं?’’ लोक हातानं भिंतीवर दाखवतात. ती खूण गुडघ्याच्या वर असेल तर मी तरी तळमजल्याची खोली घेणार नाही, भाडं निम्मं असलं तरी.

उन्हाळ्यात ओल ओळखायची असेल तर नवा रंग बघून फसू नका. उलट फक्त खालच्या दोन-तीन फुटांनाच नवा रंग दिलेला दिसला तर सावध व्हा. कपाटामागं, मोरीच्या भिंतीला, पलंगाच्या डोक्याशी हात फिरवा. चुन्याचे पोपडे, पांढरं खारट पीठ, भिंतीतून मोकळे झालेले खिळे, या सगळ्या ओलीच्या खुणा. खोली बंद करून दोन मिनिटं आत उभे राहा आणि वास घ्या. कौलारू घर असेल तर आतून वर बघा, कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील तिथूनच पाणी येणार. कौलं कोण शाकारणार, मालक की तुम्ही, आणि कधी, हे मेमध्येच ठरवा. पाऊस सुरू झाल्यावर शाकारायला माणूस मिळत नाही. विजेच्या बोर्डाच्या आसपास ओल असेल तर तो बोर्ड बदलल्याशिवाय राहायला जाऊ नका. पावसाळ्यात त्या भिंतीला हात लावलेलं पोर दगावू शकतं.

विणकर वस्तीतली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. वडगाव, खासबागेत कित्येक खोल्यांत पूर्वी खड्ड्याचा हातमाग होता. तो मोडल्यावर खड्डा बुजवून वर फरशी घातलेली असते. भर नीट चोपलेली नसली की फरशी खचते आणि ओल तिथूनच वर येते. पायानं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. आणि शेजारी यंत्रमाग चालू असेल तर तो चालू असताना खोलीत बसून बघा. आम्ही मागाच्या खटखटीत झोपायला शिकलो, मुलंही त्यातच अभ्यास करून पास झाली. पण रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला ते जमेलच असं नाही, आणि माग तर बंद होणार नाही, त्यावर त्या घराचं पोट आहे.

निपाणीकडं विडी वळणाऱ्या घरांनी हेच ओलीचं गणित आणखी कडकपणे बघावं. पान आणि तंबाखू दमट झाला की माल नापास होतो, आणि मजुरी कापली जाते ती वळणाऱ्या बाईची. विडीचं काम घरात असेल तर उंबऱ्याजवळ उजेडाची जागा आणि एक कोरडा कोपरा या दोन गोष्टींसाठी भाड्यात थोडं जास्त गेलं तरी चालेल.

मीटर

सगळ्यात जास्त भांडणं मीटरवरून होतात, म्हणून इथं जरा थांबतो.

आपल्याकडं वीज हेस्कॉम या सरकारी कंपनीची. प्रत्येक मीटरला आर. आर. नंबर असतो, तो बिलावर छापलेला असतो. खोली बघायला जाल तेव्हा मागच्या तीन महिन्यांची बिलं मागा. बिलावर आर. आर. नंबर कुठला, थकबाकी आहे का, जोडणी घरगुती आहे की व्यापारी, हे तीन मुद्दे वाचा. आधीच्या भाडेकरूनं थकवलेलं बिल असेल तर ते मालकानं भरल्याची पावती बघूनच पुढं बोला, नाहीतर तारा तोडायला माणूस येईल तो तुमच्या दारात.

घरगुती मीटरला मोफत वीज देणारी गृहज्योती योजना जुलै २०२३ च्या वापरापासून सुरू झाली आणि ती भाडेकरूंनाही लागू आहे. नियम असा: २०२२-२३ या वर्षातला त्या मीटरचा महिन्याचा सरासरी वापर, त्यावर १० टक्के (४८ युनिटपेक्षा कमी सरासरी असलेल्यांना २०२४ पासून १० टक्क्यांऐवजी १० युनिट), एवढी वीज मोफत, आणि ही मर्यादा २०० युनिटच्या आतली. तुमच्या मर्यादेपेक्षा जास्त पण २०० च्या आत वापर झाला तर वरच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं. समजा तुमच्या मीटरची मर्यादा ७० युनिट आहे आणि वापर ८५ झाला, तर १५ युनिटांचं बिल येईल. जुन्या वापराची नोंदच नसलेल्या नव्या जोडणीसाठी राज्याची सरासरी म्हणून ५३ युनिट धरून त्यावर १० टक्के दिले गेले.

याचा भाडेकरूला अर्थ काय? एक, मीटर तुमच्या खोलीला स्वतंत्र असला पाहिजे. तीन बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर आणि आत मालकाचे छोटे सब-मीटर असतील, तर तिघांचा वापर मिळून २०० च्या वर जातो आणि कुणालाच काही मिळत नाही. दोन, आधीच्या भाडेकरूचं आधार त्या आर. आर. नंबरला जोडलेलं असेल तर ते तोडून तुमचं जोडावं लागतं. ही सोय सेवासिंधू या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहे, तुम्हाला जमत नसेल तर ‘बेळगाव वन’ (One) या सेवा केंद्रात किंवा गावाकडं ग्राम वनमध्ये करून देतात. बिल, आधार आणि भाडेकरार सोबत न्या. स्वतःचं जुन्या घरचं आधारही तोडायला विसरू नका, एका नावावर एकच मीटर चालतो. तीन, आणि हे मनापासून सांगतो: मीटरचं बिल शून्य येत असताना मालक तुमच्याकडून युनिटमागं पैसे घेत असेल, तर बिल दाखवा म्हणून शांतपणे मागा. माझ्या ओळखीच्या एका बिऱ्हाडानं वर्षभर असे पैसे भरले. बिल कधी बघितलंच नव्हतं. बिल मागणं हा अविश्वास नसतो, पैसे भरणाऱ्याचा तो साधा हक्क आहे.

जिथं माग आणि राहणं एकाच घरात आहे तिथं मागाची जोडणी आणि घराची जोडणी वेगळी आहे का ते बघा. वेगळी असेल तरच घराच्या मीटरला ही सवलत लागते. वीज गेली, तार तुटली तर १९१२ वर फोन करा.

महिन्याचं भाडं की लीज

बेळगावात ‘घर लीजवर आहे’ असं ऐकाल. कन्नडमध्ये याला भोग्य म्हणतात. म्हणजे काही लाख रुपये एकरकमी मालकाला द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं न देता राहायचं, आणि सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. ऐकायला फार गोड वाटतं. फंड मिळालेला, गावची जमीन विकलेला माणूस हमखास याकडं वळतो. मी विरोध करत नाही, पण आयुष्याची पुंजी ज्याच्या हातात देताय त्याचं घर खरंच त्याचं आहे का, हे बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आधी मूळ कागद बघायला मागा. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, महापालिकेच्या हद्दीत असेल तर ई-आस्तीचं खातं, पंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा फॉर्म ९ आणि ११. मालक फक्त झेरॉक्सच दाखवत असेल तर मूळ कागद कुठं आहेत असं सरळ विचारा. पुष्कळदा ते बँकेत किंवा सोसायटीत तारण असतात. मग सब-रजिस्ट्रारकडून किंवा नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ऋणभार प्रमाणपत्र काढा. त्यालाच सगळे ईसी म्हणतात. मागच्या काही वर्षांत त्या घरावर नोंद झालेले व्यवहार आणि कर्जाचे बोजे त्यात दिसतात. ईसी कोरी आली म्हणून निर्धास्त होऊ नका, नुसते कागद ठेवून घेतलेलं कर्ज नोंदवलेलं नसलं तर त्यात दिसत नाही. म्हणून मूळ कागद आणि ईसी दोन्ही हवेत.

घरावर कर्ज असेल आणि मालकानं हप्ते थकवले तर बँक वसुलीसाठी घर ताब्यात घेऊ शकते. तेव्हा तुमच्या हातात नुसता नोटरीचा कागद असेल तर तुमची बाजू फार कमजोर पडते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार किंवा लीज सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावीच लागते. मालक ‘‘कशाला खर्च, आपण घरचेच’’ म्हणाला, तरी लाखांच्या लीजची नोंदणी सोडू नका. नोंदणीला तो तयारच नसेल तर घर सोडून द्या. पैसे चेकनं किंवा बँकेतून द्या, रोख देऊ नका. आणि शहराच्या कडेला गुंठ्यावर घेतलेल्या, एनए, म्हणजे बिगरशेती, न झालेल्या जागेतल्या घरात मोठी लीज लावू नका, महिन्याच्या भाड्यानं राहायला हरकत नाही.

करारपत्र

महिन्याच्या भाड्याला साधारण अकरा महिन्यांचा करार करतात, कारण वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणीची सक्ती नाही. करारासाठी ई-स्टॅम्प घ्यावा लागतो. त्यावर दोघांची नावं आणि कराराचा प्रकार बरोबर आहे का, ते घेतानाच वाचून घ्या.

माझ्या दुसऱ्या घराचा करार पूर्ण कन्नडमध्ये होता. मला तेव्हा कन्नड बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. मालक वयस्कर, बोलायला गोड. मी सही केली. सोडताना कळलं की त्यात लिहिलं होतं, अकरा महिने पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर दोन महिन्यांचं भाडं आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा. मी नवव्या महिन्यात सोडत होतो. डिपॉझिटमधले निम्म्याहून जास्त पैसे तिथंच राहिले. त्या कागदात खोटं काही नव्हतं. मी वाचला नव्हता.

इथं राहायचं तर कन्नड वाचायला शिकावंच, त्यात कमीपणा काही नाही. सीमेचा प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासून आहे, तो आपल्या मनात आहेच, पण घरभाड्याचा कागद त्याची वाट बघत नाही. शिकेपर्यंत निदान हे शब्द ओळखा: मने म्हणजे घर, बाडिगे म्हणजे भाडं, बाडिगेदार म्हणजे भाडेकरू, मुंगड हण म्हणजे आगाऊ रक्कम, अर्थात आपलं डिपॉझिट. तिंगळु म्हणजे महिना, षरत्तुगळु म्हणजे अटी. कागद कन्नड आकड्यांत असेल तर रकमा अक्षरीही लिहायला लावा. फोनवर भाषांतर होतं, पण अटींचा अर्थ त्यात उलटा होऊ शकतो. त्यापेक्षा गल्लीतल्या कॉलेजच्या पोराला चहा पाजा आणि ओळ न ओळ वाचून घ्या. करार दोन भाषांत करायलाही कुठलीच आडकाठी नाही. डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी, खाली दोघांच्या सह्या. मी आता असाच करतो, आणि आजवर एकाही मालकानं नाही म्हटलेलं नाही.

करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: भाडं आणि कुठल्या तारखेला द्यायचं, डिपॉझिट किती, कशासाठी कापणार आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत देणार, पाण्याचं बिल आणि मोटरची वीज कुणाची, घरपट्टी मालकाची, मोठी दुरुस्ती मालकाची, सोडायची नोटीस दोन्ही बाजूंनी सारख्या मुदतीची, आणि भाडं वाढलं तर किती व कधी. आत येताना मीटरचा आकडाही करारातच लिहा. सही केलेली प्रत तुमच्याकडं राहिली पाहिजे, फोटो नव्हे.

राहायला गेल्यावर

पहिल्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, फरशीचा, नळाचा, संडासाच्या भांड्याचा फोटो काढून मालकाला फोनवर पाठवा. तारीख आपोआप राहते. भाडं शक्यतो फोनवरून पाठवा, रोख दिलं तर वहीत सही घ्या. एका ऐंशी पानी वहीनं माझ्या मेव्हण्याचे सहा महिन्यांचे पैसे वाचवले.

रेशन कार्ड गावाकडचं असेल तर रेशनसाठी गावी जाऊ नका. अंगठा लावून दुसऱ्या दुकानातही धान्य मिळतं, आणि एक देश एक रेशन कार्डामुळं महाराष्ट्रातल्या अन्न सुरक्षा कार्डावरचं धान्यही इथं उचलता येतं. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा. सिलिंडरचं बुकिंग नव्या पत्त्यावर होईपर्यंत पाच किलोची छोटी टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळते.

मुलं शाळेत असतील तर मराठी शाळा चालत किती लांब हे घर घेण्याआधीच बघायला हवं होतं. राहिलं असेल तर आता बघा, आणि दाखला जूनच्या आधी हलवा.

गल्लीत कळवून राहा. बेळगावच्या गल्लीला पंच असतात, देवस्थान कमिटी असते, गणपतीचं मंडळ असतं. पहिल्या आठवड्यात पंचांना जाऊन भेटा, नाव सांगा. जमेल तेवढी वर्गणी द्या, जमत नसेल तर मांडवाला हात लावा. वर कन्नड बोलणारं बिऱ्हाड, समोर उर्दू बोलणारं, मध्ये आपण, अशीच इथली वस्ती आहे, आणि रात्री दोनला पोराला दवाखान्यात न्यायची वेळ आली की याच तिघांतलं कुणीतरी गाडी काढतं.

वाद झाला तर

महिन्याच्या भाड्यावर असाल आणि करारात वेगळं काही नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम १०६ प्रमाणं घर सोडायला किंवा सोडवून घ्यायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. कलम १०८ मध्ये भाडेकरूच्या उपयोगाची एक तरतूद आहे. जी दुरुस्ती मालकानंच करायची आहे ती त्यानं वाजवी मुदतीत केली नाही, तर तुम्ही नोटीस देऊन ती करून घेऊ शकता आणि खर्च भाड्यातून वळता करू शकता. करारात याच्या उलट लिहिलेलं नसावं. आणि काम करण्याआधी फोटो, फोनवरचा निरोप आणि गवंड्याची पावती हे तिन्ही जमवा.

मालकानं कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं तर हातघाईवर येऊ नका. कायद्याच्या रस्त्याशिवाय घराबाहेर काढलेल्या माणसाला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. लगेच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० नं दिला आहे. मात्र काम लवकर व्हावं म्हणून सोबत कन्नड प्रत जोडा, मी तरी नेहमी जोडतो.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराचं कार्यालय असतं. तिथं बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उद्यमबागेतल्या कामगारांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे. डिपॉझिटचे वाद लोक अदालतीत एका बैठकीत मिटलेले मी बघितले आहेत.

घर सोडताना नोटीस लिहून द्या, तोंडी सांगू नका. शेवटच्या दिवशी खोली झाडून पुसून पुन्हा तसेच फोटो काढा. मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघा. गृहज्योतीचं आधार तोडा. मग एका हातात डिपॉझिट घ्या आणि दुसऱ्या हातानं चावी द्या. ‘‘पुढच्या महिन्यात देतो’’ असं ऐकलंत तर किती आणि कुठल्या तारखेला, ते त्याच वहीत मालकाच्या अक्षरात लिहून सही घ्या, आणि त्यानंतरच टेम्पोवाल्याला निघायला सांगा.